विश्लेषण : ट्रस्टच्या नावावर केलेले घर कर्जवसुलीतून वाचते का?

भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतील एखादा लघुउद्योजक कंपनीसाठी कर्ज काढतो, तेव्हा बँकेच्या कागदांच्या गठ्ठ्यात वैयक्तिक हमीचाही करार असतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे कर्जही कंपनीपुरतेच, असे समजून तो सही करतो. पुढे ऑर्डर थांबतात, हप्ते थकतात आणि बँकेची नोटीस कारखान्यासोबत घरच्या पत्त्यावरही येते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे घरात पहिला प्रश्न उठतो तो राहत्या घराचा. त्याच सुमारास कोणीतरी सल्ला देते, ‘घर ट्रस्टमध्ये टाका, कोणी हात लावू शकणार नाही.’ समाजमाध्यमांवरील अनेक व्हिडीओही हेच सांगतात. या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो बहुतेकांपर्यंत पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रस्टचे संरक्षण कसे चालते, ते कुठे संपते आणि ट्रस्ट न करताही कायदा काय वाचवतो, याचा हा आढावा.

खासगी ट्रस्ट म्हणजे नेमके काय?

ट्रस्ट म्हटले की देवस्थान, शाळा किंवा धर्मादाय रुग्णालय डोळ्यांसमोर येते. ते सार्वजनिक ट्रस्ट असतात. महाराष्ट्रात त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो आणि त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. कुटुंबासाठी केला जाणारा खासगी ट्रस्ट वेगळा. त्याला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू होतो.

यात तीन भूमिका असतात. मालमत्ता देणारा, ती सांभाळणारा विश्वस्त आणि जिच्या भल्यासाठी ती सांभाळायची ती व्यक्ती, म्हणजे लाभार्थी. मालमत्ता कागदोपत्री विश्वस्ताच्या नावावर जाते, मात्र तिचा उपभोग लाभार्थीसाठी असतो. विश्वस्ताला त्यातून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही. जमीन किंवा फ्लॅट ट्रस्टमध्ये द्यायचा असेल तर लेखी, स्वाक्षरी केलेला आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला दस्त लागतो, अन्यथा मृत्युपत्राने ट्रस्ट करावा लागतो. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवलेल्या कागदाने फ्लॅट ट्रस्टचा होत नाही.

धनको तिथे का पोहोचू शकत नाही?

याचे उत्तर साधे आहे. धनकोला ऋणकोच्या मालमत्तेतूनच वसुली करता येते. न्यायालयाने पैसे देण्याचा हुकूमनामा दिला आणि ऋणकोने पैसे दिले नाहीत, तर धनको दरखास्त दाखल करतो. त्यानंतर बँक खात्यावर, पगारावर, जमिनीवर किंवा फ्लॅटवर टाच आणता येते. ज्या मालमत्तेचा ऋणको मालक नाही आणि जी तो स्वतःच्या फायद्यासाठी वापरू किंवा विकू शकत नाही, तिच्यावर सहसा टाच येत नाही. ट्रस्टचे संरक्षण एवढ्या एकाच गोष्टीवर उभे आहे.

म्हणूनच ते फुकट मिळत नाही. मालमत्ता वाचवायची तर ती खरोखर सोडावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ची भाषा या बाबतीत सावध आहे. मालमत्ता दुसऱ्या कोणी ऋणकोसाठी ट्रस्ट म्हणून धरून ठेवली असली, तरी तिची किंवा तिच्या उत्पन्नाची स्वतःच्या फायद्यासाठी विल्हेवाट लावण्याचा अधिकार ऋणकोकडे असेल, तर ती जप्त होऊ शकते. नाव कोणाचे आहे यापेक्षा ताबा आणि अधिकार कोणाचा आहे, हे न्यायालय पाहते.

हे संरक्षण विश्वस्ताच्या बाजूनेही चालते. एखाद्या काकांना पुतण्यांसाठीच्या ट्रस्टचे विश्वस्त नेमले आणि पुढे काकांचाच धंदा बुडाला, तर काकांच्या धनकोंना ट्रस्टमधील पुतण्यांची मालमत्ता घेता येत नाही. दिवाळखोरी संहितेतही, दिवाळखोराने दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता त्याच्या मालमत्तेतून वगळली आहे.

दोन उद्योजकांचे उदाहरण

समजा, पहिल्या उद्योजकाने २०१६ मध्ये चिंचवडचा फ्लॅट एका ट्रस्टला दिला. तेव्हा त्याच्यावर कर्ज नव्हते, फ्लॅटवर बोजा नव्हता आणि व्यवसाय नीट सुरू होता. लाभार्थी पत्नी व दोन मुले. विश्वस्त म्हणून एक नातेवाईक आणि एक सनदी लेखापाल. ट्रस्ट रद्द करण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला नाही. दस्त नोंदवला, मुद्रांक शुल्क भरले, गृहनिर्माण सोसायटीच्या दप्तरीही बदल केला. २०२१ मध्ये कंपनीच्या कर्जाला हमी देताना बँकेला दिलेल्या मालमत्तेच्या यादीत त्याने हा फ्लॅट दाखवला नाही, कारण तो त्याचा नव्हता. बँकेने तो न धरता कर्ज मंजूर केले. २०२४ मध्ये कर्ज थकले, तर हा फ्लॅट वसुलीबाहेर राहण्याची शक्यता मोठी आहे.

दुसऱ्या उद्योजकाने फ्लॅट हमीच्या यादीत दाखवला होता. २०२४ मध्ये बँकेची नोटीस आल्यावर महिनाभरात त्याने तो ट्रस्टला दिला. विश्वस्त तो स्वतःच, लाभार्थी त्याचेच कुटुंब. दोन्ही दस्त दिसायला जवळपास सारखे आहेत. पण या दुसऱ्या ट्रस्टला न्यायालयात आव्हान दिले गेले, तर तो टिकणे अवघड आहे.

फ्लॅटवर आधीच गृहकर्ज असेल किंवा तो कंपनीच्या कर्जासाठी गहाण असेल, तर दोघांचाही ट्रस्ट त्या बँकेपुढे निरुपयोगी ठरतो. गहाणाचा बोजा मालमत्तेसोबत जातो. मालक बदलला तरी बँकेचा हक्क तसाच राहतो आणि सरफेसी कायद्याखाली ती कारवाई करू शकते.

नोटीस आल्यावर केलेला ट्रस्ट का टिकत नाही?

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ नेमके याच प्रसंगासाठी आहे. धनकोंना चुकवण्याच्या किंवा त्यांची वसुली लांबवण्याच्या हेतूने स्थावर मालमत्ता हस्तांतरित केली असेल, तर ज्याची वसुली अडली तो धनको ते हस्तांतरण रद्द ठरवून घेऊ शकतो. प्रामाणिकपणे, योग्य मोबदला देऊन मालमत्ता घेणाऱ्याला यात संरक्षण आहे. ट्रस्टमध्ये किंवा बक्षीसपत्रात मात्र बहुतेकदा मोबदलाच नसतो. त्यामुळे घर पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर करून देण्याचा जुना मार्गही याच कलमाखाली अडकतो.

हेतू कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. तो परिस्थितीवरून ठरतो. हस्तांतरण नोटिशीनंतर झाले का, जवळजवळ सगळी मालमत्ता एकदम दिली का, घेणारा घरचाच आहे का, दिल्यानंतरही भाडे जुन्या मालकाच्याच खात्यात जमा होते का, हे प्रश्न विचारले जातात. कलमात ‘ज्या धनकोची वसुली अडली’ अशी रचना आहे. त्यामुळे ट्रस्ट करताना धनको अस्तित्वात नव्हता, एवढे म्हणणे नेहमीच पुरेसे ठरत नाही. उद्या काढायचे कर्ज बुडवण्याच्या बेतानेच आज ट्रस्ट केला, हे सिद्ध झाले तर तोही अडचणीत येतो.

सामान्य व्यक्तीच्या नादारीसाठी मुंबई शहरात १९०९ चा आणि उर्वरित राज्यात १९२० चा जुना कायदा आहे. या दोन्ही कायद्यांत नादारीआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेल्या हस्तांतरणांना आव्हान देण्याची तरतूद आहे.

स्वतःसाठीच ट्रस्ट केला तर?

‘मीच मालमत्ता देणार, मीच विश्वस्त, हयात असेपर्यंत लाभार्थीही मीच’ अशी रचना काही जण सुचवतात. १८८२ च्या न्यास कायद्याने तिचे उत्तर उदाहरणासह देऊन ठेवले आहे. कलम ४ नुसार ट्रस्टचा हेतू कायदेशीर असायला हवा. त्याखालील एका उदाहरणात कर्ज फेडण्याच्या स्थितीत नसलेला माणूस आपली मालमत्ता ट्रस्टमध्ये देतो आणि हयातभर लाभ स्वतःकडे ठेवतो. पुढे तो नादार जाहीर होतो. त्याच्यासाठी असलेला तो ट्रस्ट धनकोंविरुद्ध अवैध ठरतो, असे कायदा स्पष्ट सांगतो.

अमेरिकेत चित्र थोडे वेगळे आहे. तिथल्या काही राज्यांत स्वतःच्याच लाभासाठी केलेल्या ट्रस्टलाही धनकोंपासून संरक्षण मिळते. अलास्काने १९९७ मध्ये तसा कायदा केला आणि नंतर इतर काही राज्ये त्या वाटेने गेली. इंटरनेटवरील बराचसा सल्ला तिथून उचललेला असतो. चिंचवडच्या फ्लॅटला तो लागू होत नाही.

रद्द करता येणाऱ्या ट्रस्टचीही हीच अडचण. हवे तेव्हा मालमत्ता परत घेण्याचा अधिकार हातात ठेवला, तर ती सोडली असे म्हणता येत नाही आणि धनकोचा वकील नेमके त्यावर बोट ठेवतो.

मुलाच्या कर्जाचे काय?

अनेक पालकांना काळजी स्वतःच्या कर्जाची नसते, तर मुलाच्या धंद्याची किंवा खर्चिक स्वभावाची असते. आपल्या पश्चात मुलाचे धनको घरावर येऊ नयेत, ही त्यांची इच्छा असते. इथे ट्रस्टची रचना महत्त्वाची ठरते.

‘भाड्यातला अर्धा वाटा मुलाचा’ असे दस्तात ठरवून दिले, तर तो वाटा मुलाची मालमत्ता होतो आणि त्याच्या धनकोंना त्यावर टाच मागता येते. ‘मुलगा दिवाळखोर झाला तर त्याचा हक्क संपेल’ अशी अट घालून हे टाळता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२ अशी अट निरर्थक ठरवते.

त्याऐवजी कोणत्या लाभार्थीला कधी, किती द्यायचे हे विश्वस्तांच्या विवेकावर सोडता येते. अशा विवेकाधीन ट्रस्टमध्ये विश्वस्त ठरवत नाहीत तोवर मुलाचा ठरावीक रकमेवर हक्क नसतो, फक्त मिळण्याची आशा असते. केवळ शक्यतेच्या स्वरूपातील हक्क कलम ६० मध्ये जप्तीतून वगळला आहे. मात्र पैसे मुलाच्या बँक खात्यात जमा झाले की ते त्याचे होतात आणि त्या खात्यावर टाच येऊ शकते. त्यामुळे अशा ट्रस्टमध्ये फी थेट कॉलेजला, बिल थेट रुग्णालयाला देण्याची सोय दस्तातच केली जाते.

वैयक्तिक हमीदारांसाठी काय बदलले?

१ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना दिवाळखोरी संहितेच्या कक्षेत आणले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ही अधिसूचना वैध ठरवली आणि ९ नोव्हेंबर २०२३ रोजी संबंधित तरतुदींची घटनात्मकताही मान्य केली. त्यामुळे कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया पूर्ण झाली, म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही.

या प्रक्रियेत दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतील कमी मोलाचे किंवा मोफत व्यवहार तपासता येतात. जवळच्या व्यक्तीशी केलेल्या व्यवहाराकडे अधिक संशयाने पाहिले जाते. दुसरीकडे, हमीदाराला किमान आधार ठेवण्याचीही तरतूद आहे. बोजा नसलेले एकमेव राहते घर शहरी भागात २० लाख रुपये आणि ग्रामीण भागात १० लाख रुपये मूल्यापर्यंत वगळले जाते, बोजा नसलेले वैयक्तिक दागिने १ लाखापर्यंत. पुण्या-मुंबईतील फ्लॅटच्या किमती पाहता ही मर्यादा अनेकांच्या उपयोगाची नाही.

पगार, पीएफ आणि मंगळसूत्र : ट्रस्टशिवाय काय वाचते?

पतसंस्थेत सहकाऱ्याला जामीन राहिलेल्या नोकरदाराला कौटुंबिक ट्रस्ट परवडणारा नसतो आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यापुरते बोलायचे तर कलम ६० मध्येच लांबलचक यादी आहे.

पगारातील पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. म्हणजे जप्तीसाठी धरला जाणारा पगार ४० हजार असेल, तर १ हजार वजा करून ३९ हजार राहतात. त्यातील २६ हजार सुरक्षित. टाच येऊ शकते ती १३ हजारांवर. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो.

भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, सरकारी निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी यांना संरक्षण आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्री अंगावरून उतरवत नाही असे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे हेही जप्त करता येत नाही. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतः राहत असलेले त्याचे घरही या यादीत आहे. शहरी पगारदाराचा किंवा व्यावसायिकाचा फ्लॅट नाही. आणि जे गहाण ठेवले आहे, त्याच्या वसुलीला ही यादी आड येत नाही.

विम्याच्या पॉलिसीतला ट्रस्ट

सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला ट्रस्ट एका पानाच्या अर्जात मिळतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याच्या कलम ६ नुसार विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या लाभासाठी घेतला आणि तसे पॉलिसीवरच नमूद केले, तर ती पॉलिसी त्यांच्यासाठीचा ट्रस्ट मानली जाते. ती रक्कम पतीच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि त्याच्या धनकोंना त्यावर दावा करता येत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने ही तरतूद देशभरातील हिंदू, मुस्लिम, शीख आणि जैनांनाही लागू झाली.

यासाठी वेगळा दस्त लागत नाही. पॉलिसी घेतानाच एमडब्ल्यूपी कायद्याखालील अर्ज भरायचा असतो. नंतर हा पर्याय जोडता येत नाही. बदल्यात पतीचा पॉलिसीवरचा ताबा जातो. त्याला स्वतःसाठी त्यावर कर्ज काढता येत नाही आणि नॉमिनी बदलावा तसा लाभार्थीही बदलता येत नाही. इथेही धनकोंना फसवण्यासाठीच पॉलिसी घेतली असेल, तर त्यांचा हक्क कायद्याने राखून ठेवला आहे. गृहकर्ज किंवा धंद्याचे कर्ज असलेल्या कुटुंबासाठी मुदत विम्यासोबत हा अर्ज भरणे, हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ट्रस्ट करताना काय गमवावे लागते?

पहिला खर्च मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा. राहते घर मुलाबाळांना थेट बक्षीस देताना महाराष्ट्रात नाममात्र शुल्काची सवलत मिळते. ती ट्रस्टलाही मिळेल, असे गृहीत धरू नये. विवेकाधीन ट्रस्टच्या उत्पन्नावर सहसा कमाल दराने प्राप्तिकर लागतो. दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र आलेच. वडिलोपार्जित किंवा एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील इतरांचा वाटा एकट्याला ट्रस्टमध्ये देता येत नाही.

सर्वांत मोठी किंमत अधिकाराची. पुढे मुलाशी पटले नाही, घटस्फोट झाला किंवा उपचारांसाठी घर विकायची वेळ आली, तरी निर्णय विश्वस्तांचा असतो. रद्द न होणाऱ्या ट्रस्टमधून घर परत मागता येत नाही. विश्वस्त अप्रामाणिक निघाला, तर लाभार्थींना दिवाणी न्यायालयात जावे लागते. शिवाय, आता अनेक अनुभवी बँका कर्ज देताना ट्रस्टबद्दल विचारतात. ट्रस्टमधील मालमत्ता हिशेबात धरता येत नसल्याने कर्जाची रक्कम कमी होऊ शकते.

धनकोंची बाजू कोणती?

कर्जवसुलीच्या चर्चेत धनको म्हणजे मोठी बँक, असे चित्र असते. प्रत्यक्षात थकलेल्या कारखान्याच्या धनकोंत सुटे भाग पुरवणारा छोटा वर्कशॉपवाला असतो, पगार थकलेला कामगार असतो. पतसंस्थेत आयुष्याची पुंजी ठेवलेला निवृत्त शिक्षकही धनकोच असतो. मालकाचे घर ट्रस्टमध्ये सुरक्षित राहिले, तर यांपैकी कोणाचे तरी पैसे अडकतात. कायदा हेतू आणि वेळ इतक्या बारकाईने का तपासतो, याचे कारण हे आहे.

ठेवीदारांच्या बाबतीत महाराष्ट्राने वेगळी वाट घेतली आहे. १९९९ च्या ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, ठेवी बुडवणाऱ्या वित्तीय संस्थेची व तिच्या संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. पुरेशी मालमत्ता हाती लागली नाही, तर ज्यांना ती गैरहेतूने हस्तांतरित केली त्यांच्या मालमत्तेपर्यंतही विशेष न्यायालय जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या कायद्याची वैधता मान्य केली.

त्यामुळे ट्रस्टचा विचार करायचा तो हमीच्या करारावर सही करण्याआधी. फ्लॅटवर बोजा नसताना, देणी फेडण्याइतकी मालमत्ता बाहेर शिल्लक ठेवून आणि बँकेला खरी यादी देऊन केलेला ट्रस्ट कुटुंबाला आधार देऊ शकतो. नोटीस हातात पडल्यावर मात्र वकिलाकडे जायचे ते वेगळ्या कामासाठी. बँकेशी एकरकमी तडजोड, कर्जाची फेररचना किंवा वेळेत नादारीचा अर्ज हे मार्ग तेव्हा खुले असतात. त्या वेळी घाईने नोंदवलेला ट्रस्टचा दस्त घर तर वाचवत नाहीच, तडजोडीच्या बोलणीत बँकेचा उरलासुरला विश्वासही घालवतो.